पाना विकत घेताना

चांगला पाना ओतलेला नसतो आणि पत्र्यातून कापलेलाही नसतो. तो ठोकून घडवलेला असतो. पोलादाची कांब भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवतात आणि दोन साच्यांमध्ये धरून तिच्यावर यांत्रिक घणाचे ठोके घालतात. कारखान्यात याला फोर्जिंग म्हणतात. ठोक्यांमुळे पोलादातील कणांच्या रेषा पान्याच्या आकाराबरोबर वळतात, मानेपाशी तुटत नाहीत, त्यामुळे जबड्यावर आलेला ताण दांड्यापर्यंत वाटला जातो. साच्याबाहेर आलेली फालतू कड कापून टाकतात आणि मग जबड्याचे किंवा रिंगच्या आतल्या खाचांचे माप यंत्रावर नेमके करतात. ओतीव पान्यात कणांना अशी दिशा नसते, शिवाय आत पोकळ्या राहू शकतात. पत्र्यातून छापून काढलेला पाना सायकलच्या पिशवीत ठेवायला ठीक; गॅरेजात त्याचे काम नाही.

घडवून झाले की पाणी देण्याचे काम येते. पान्याचा खरा कस तिथेच ठरतो. सुमारे साडेआठशे अंशांपर्यंत तापवून तो तेलात बुडवला की पोलाद कडक होते, पण त्याबरोबर ठिसूळही होते. म्हणून तो पुन्हा कमी आंचेवर तापवावा लागतो. त्यात कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. रॉकवेल मापनात पान्याचा कडकपणा साधारण 40 ते 50 च्या दरम्यान असला पाहिजे. त्याखाली गेला तर जबडा फाकतो, फार वर गेला तर तडकतो. पकडीच्या कापणाऱ्या धारेला याहून जास्त, 55 ते 60 च्या आसपास कडकपणा लागतो, म्हणून चांगल्या पकडीत तेवढी धार वेगळी तापवून कडक केलेली असते. पोलादात क्रोमियम आणि व्हॅनेडियम असले की पाणी आतपर्यंत नीट बसते आणि पाना बारीक घडवूनही टिकतो. वरचा चकचकीत थर निकेल-क्रोमचा असतो. तो गंज अडवतो, ताकद वाढवत नाही. उलट मुलामा चढवताना पोलादात शिरलेला हायड्रोजन नंतर तापवून काढला नाही, तर कडक पोलाद आतून ठिसूळ होते. गिऱ्हाईक मात्र चकाकी पाहूनच पाना उचलते आणि स्वस्त माल काढणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

पान्याचा दर्जा घसरतो तो याच टप्प्यांवर. मिश्रपोलादाऐवजी भंगार वितळवून ओढलेली साधी कांब वापरायची. पाणी दिल्यानंतरची दुसरी आंच उरकून टाकायची किंवा गाळायचीच, कारण तिला इंधन आणि वेळ दोन्ही लागतात. खाचा पाडण्याचे हत्यार झिजले तरी बदलायचे नाही, म्हणजे पान्याचे माप बिघडते. यांपैकी एकही गोष्ट दुकानाच्या काउंटरवर नजरेला पडत नाही. दांड्यावर मात्र ‘ड्रॉप फोर्ज्ड’ आणि ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे ठसठशीत असतात, कारण अक्षरे उमटवायला एक ठसा पुरतो, त्यासाठी चांगले पोलाद लागत नाही.

नागपूर हे हत्यारे घडवणारे शहर नाही. ते हत्यारे वापरणारे शहर आहे. मोतीबागेतील रेल्वेचा कारखाना, अजनीचे विद्युत इंजिनांचे शेड, हिंगण्याची एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, तिथल्याच एमआयडीसीतील महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना, अंबाझरीची आयुध निर्माणी आणि वाडीच्या ट्रान्सपोर्ट वस्तीतील ट्रकची गॅरेजे, एवढ्या ठिकाणी रोज पाने फिरतात. अशा कारखान्यांत टूल रूममधून टोकन देऊन पाना घ्यायचा आणि सुटीच्या भोंग्याआधी तो परत करायचा, अशी शिस्त असे. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला पाना हातात घेतल्याबरोबर त्याचे वजन आणि तोल कळतो. निवृत्तीनंतर गॅरेज टाकलेले असे उस्ताद शहरात अजून आहेत. त्यांच्या पेटीतले जुने पाने मुलामा उडून काळे पडले आहेत, पण जबडे जागेवर आहेत.

या जुन्या पान्यांतले बरेचसे देशीच आहेत, हे नव्या मेकॅनिकांना सांगावे लागते. स्वातंत्र्यापूर्वी चांगला पाना म्हणजे विलायती, नाहीतर जर्मन, अशी समजूत होती आणि ती खोटी नव्हती. पण पुढच्या दोन-तीन दशकांत चित्र बदलले. तापडिया टूल्सने 1969 मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारे बनवायला सुरुवात केली. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील तिचा कारखाना आणि गोव्यातील कारखाना महाराष्ट्राच्या मेकॅनिकांना घरचेच वाटतात. फरिदाबादच्या झालानी समूहाने जर्मनीच्या रेमशाइड गावातील गेडोरे कंपनीशी हात मिळवून पाने काढले. तो कारखाना पुढे बंद पडला, पण त्याच्या नावाचे पाने जुन्या पेट्यांतून अजून सापडतात. कानशीच्या बाबतीत तर महाराष्ट्र फार पुढे आहे: रेमंड समूहातील जे. के. फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत. उरलेला मोठा भाग पंजाबचा. जालंधर आणि लुधियाना ही पान्यांची गावे आहेत. जालंधरला केंद्र सरकारची हातहत्यारांची स्वतंत्र संस्था 1983 पासून काम करते आहे, आणि तिथे पोलाद तपासण्यापासून साचे बनवण्यापर्यंतची सोय आहे.

घसरण उघड दिसू लागली ती 2001 नंतर. त्या वर्षी 1 एप्रिलला आयातीवरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठले आणि वर्षअखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. इतवारीच्या लोहाओळीपासून रस्त्यावरच्या पथारीपर्यंत प्लॅस्टिकच्या पेटीत रंगीत खाचांत मांडलेले गोटी सेट दिसू लागले. सेटमध्ये नग भरपूर, किंमत देशी सेटच्या निम्म्यापेक्षा कमी, आणि पेटीवर बनवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. चीनमध्ये चांगले हत्यार बनतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिथला कारखाना मागेल त्या दर्जाचा माल देतो. आपल्याकडच्या आयातदाराने मागितला तो सर्वांत स्वस्त, आणि त्याने जे मागितले तेच आपल्या मेकॅनिकांच्या हातात आले. देशी कारखानदारांपैकी काहींनी या किमतीशी झुंजण्यासाठी स्वतःच्याच मालाचा हलका प्रकार काढला, हेही तितकेच खरे आहे. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही; त्यांचे पाने वापरणाऱ्यांना ती ठाऊक आहेत.

हे दुखणे फक्त आपले नाही. अमेरिकेत क्राफ्ट्समन हे नाव 1927 पासून सिअर्स कंपनी विकत असे. पाना तुटला की दुकानात न्या आणि नवा घेऊन या, अशी त्या पान्यांची आयुष्यभराची हमी होती. पुढे उत्पादन परदेशी गेले, 2017 मध्ये ते नावच स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने विकत घेतले. टेक्सासमधील फोर्ट वर्थला पुन्हा अमेरिकी कारखाना उभारण्याचा बेत जाहीर झाला, आणि 2023 मध्ये तो कारखाना बंद करत असल्याचेही जाहीर झाले. तिथल्या मेकॅनिकांची तक्रार ऐकली तर ती वाडीतल्या मेकॅनिकाची वाटावी. यातली आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: परदेशी नावाच्या डब्यातले अनेक पाने जालंधर-लुधियानात ठोकलेले असतात. नीती आयोगाच्या एप्रिल 2025 च्या अहवालानुसार हातहत्यारांचा जागतिक व्यापार सुमारे 34 अब्ज डॉलरचा आहे. त्यात चीनची निर्यात सुमारे 13 अब्जांची आणि भारताची सुमारे 60 कोटी डॉलरची, म्हणजे 1.8 टक्के. वाटा लहान आहे, पण तो माल युरोप-अमेरिकेत तपासून घेतला जातो. म्हणजे चांगला पाना घडवण्याची विद्या या देशात आहे. ती विद्या वापरून बनलेला माल नागपूरच्या काउंटरवर पोचतो की नाही, हा प्रश्न आहे.

पोचत नाही, त्याचे एक मोठे कारण म्हणजे नकली माल. देशी नावाला पत आली तशी त्या नावाची नक्कलही आली. नकली पान्याला स्वस्त पान्यापेक्षा वाईट म्हटले पाहिजे. स्वस्त पाना घेणारा निदान जाणून घेतो, नकली पाना घेणारा पुरे पैसे मोजून फसतो. प्रस्तुत लेखकाच्या गॅरेजातील प्रकरण याच जातीचे आहे आणि ते इथे नोंदवणे भाग आहे, कारण पुढचे बरेचसे मार्गदर्शन त्यातूनच आले आहे.

रिंग पान्यांचा सेट हवा होता. नाव सांगून, देशी कंपनीचाच, असे स्पष्ट मागून तो घेतला. दुकान इतवारीतले, जुने, गिऱ्हाइकांनी भरलेले. दुकानदाराने सेट काउंटरवर ठेवत म्हटले, “घ्या ना भाऊ, कंपनीचाच माल आहे, डायरेक्ट येते आपल्याकडे.” घासाघीस झाली नाही, त्याने सांगितली ती किंमत दिली गेली. पक्के बिल मागितले तेव्हा उत्तर मिळाले, “मशीन बंद आहे जी, उद्या घेऊन जा.” हातात पडली ती एक कच्ची चिठ्ठी, तिच्यावर दुकानाचे नावही नव्हते. बिलासाठी पुन्हा माणूस पाठवला, तेव्हाही मशीन बंदच होते.

सेट लगेच वापरात आला. एका दूधवाल्याच्या मोटारसायकलचे मागचे चाक काढायचे होते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून रोज चिखलातून चालणारी गाडी. एक्सलचा नट गंजून बसलेला. नटावर आधी गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. पान्याला पाइप लावलेला नव्हता, हातोडी मारलेली नव्हती. गॅरेजातल्या पोऱ्याने पाना नीट बसवून दोन्ही हातांनी ओढला आणि रिंग फटकन फुटली. पोऱ्याची बोटे स्विंग आर्मच्या कडेवर आपटून सोलली. नटाचे दोन कोपरेही मारले गेले.

जखम धुवून झाल्यावर तुकडे उजेडात धरून पाहिले, आणि सगळा प्रकार तिथे कळला. तुटलेला भाग करड्या रंगाचा, जाड दाण्यांचा, खडीसाखरेसारखा चमकत होता. चिवट पोलाद तुटण्यापूर्वी थोडे ताणले जाते, त्याची तुटलेली कड बारीक दाण्यांची आणि मळकट दिसते. इथे धातू अजिबात ताणला गेला नव्हता. पाणी दिल्यावरची दुसरी आंच झालीच नव्हती, किंवा पाना ओतीव होता, किंवा दोन्ही. मग पेटीतला त्याच नावाचा, वीसएक वर्षे वापरलेला पाना शेजारी ठेवला. नाव तेच, पण जुन्या पान्यावरची अक्षरे खोल आणि त्यांच्या कडा धारदार. नव्यावरची उथळ, मधले एक अक्षर किंचित तिरके. जुन्या रिंगच्या आतल्या खाचा कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. नव्या रिंगमध्ये प्रत्येक खाचेच्या तळाशी मुलाम्याचा जाड गोळा साचलेला. त्या गोळ्याखालून एक बारीक शीर गेली होती आणि रिंग तिथेच फुटली होती. मुलामा जरा खरवडला तर त्याचा पापुद्रा सुटला. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याने तुकडा हातात घेऊन पाहिला आणि एवढेच म्हटले, “हा आमचा नाही.”

दुकानदाराचे वागणे मात्र नोंद घेण्यासारखे होते, कारण असे वागणे ठरावीक पायऱ्यांनी होते आणि ते आधी ठाऊक असले तर बरे. तुकडे समोर ठेवताच तो म्हणाला, “पाइप लावला असन तुम्ही.” पाइप लावला नव्हता, हे सांगितल्यावर “लोखंड आहे भाऊ, तुटणारच”. मग तुटलेल्या मालावर गॅरंटी नसते, असा नियम निघाला. मग बिल दाखवा. जे बिल त्याने स्वतः दिले नव्हते, तेच त्याने मागितले. शेवटी, बाकीची गिऱ्हाइके ऐकत होती तेव्हा, “हा माल आपल्या दुकानातला नाहीच.” विकताना कंपनीचा आणि डायरेक्ट आलेला माल, परत घ्यायच्या वेळी दुकानातलाही उरला नाही. पैसे मोबाइलवरून दिलेले असल्याने व्यवहाराची नोंद राहिली होती; तिच्यावर तारीख आणि रक्कम होती, पण वस्तूचे नाव नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत. मारल्या गेलेल्या नटासाठी दूधवाल्याकडून पैसे मागता येत नव्हते, तो भुर्दंड गॅरेजावर बसला. पोऱ्याची बोटे बरी व्हायला वेळ लागला आणि तेवढे दिवस गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. पान्याची किंमत या सगळ्यात सर्वांत लहान रक्कम होती.

पाना घेताना पहिली खबरदारी ही, की दुकानात जाताना खिशात दोन-तीन नवे कोरे बोल्ट असावेत, डोक्यावर 8.8 हा आकडा उठवलेले, कडक पोलादाचे. दुकानातल्या दुकानात पाना बोल्टच्या डोक्यावर बसवून डावीउजवीकडे हलवून पाहावा. थोडी ढिलाई असतेच, ती नसेल तर पाना बसणारच नाही. पण पाना सहज डुगडुगत असेल तर माप गेले आहे. सेटमधला एकच पाना तपासून भागत नाही. मेकॅनिकाच्या हातात सर्वांत जास्त फिरणारी मापे आधी पाहावीत: जपानी घडणीच्या मोटारसायकलींना 10, 12, 14 आणि 17, इतर बहुतेक वाहनांना 10, 13, 17 आणि 19. रिंगच्या आत बोट फिरवावे. खाचेच्या तळाशी मुलाम्याचे गोळे लागले, किंवा आतल्या भिंतीवर ओतीव मालाची जोडरेघ दिसली, तर पाना खाली ठेवावा. पान्याचे दोन्ही तोंडांकडून निरीक्षण करावे. जबड्याच्या दोन पाकळ्यांची जाडी सारखी नसेल तर साचे झिजलेले आहेत. पाना फरशीवर टाकून खणखणाट ऐकण्याची जुनी रीत अनेकांना आवडते. तिने तडा गेलेला पाना ओळखता येतो, पण पाणी नीट दिले आहे का, हे तिने कळत नाही. चुंबकाने तर काहीच कळत नाही, सगळेच पाने त्याला चिकटतात.

कानशीची परीक्षा सर्वांत खात्रीची, पण ती विकत घेतल्यावरच करता येते. दांड्याच्या टोकाशी, मुलामा निघाला तरी चालेल अशा जागी, चांगल्या कानशीची कड एकदा ओढावी. नीट पाणी दिलेला पाना कानशीला अडवतो, ओरखडा उमटतो पण धातू सहज निघत नाही. कानस बिनविरोध रुतत गेली तर पाना मऊ आहे. मऊ पाना निदान दगा देण्याआधी फाकून इशारा देतो. ठिसूळ पाना देत नाही, आणि ठिसूळपणा कानशीला कळत नाही. म्हणून नव्या सेटचा पहिला जोर व्हाइसमध्ये धरलेल्या बोल्टवर लावून पाहावा, गंजलेल्या गाडीवर नव्हे. हाताला हातमोजा असावा आणि पाना नेहमी स्वतःकडे ओढावा, ढकलू नये. ढकलताना निसटला तर बोटे पुढच्या धातूवर जातात.

छापील खुणा वाचण्याची सवय लावून घ्यावी. भारतीय मानक ब्यूरोने पान्यांसाठी मानके ठरवली आहेत: उघड्या जबड्याच्या पान्यांसाठी आयएस 2028, रिंग पान्यांसाठी आयएस 2029, कॉम्बिनेशन पकडीसाठी आयएस 3650. आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह आणि खाली क्रमांक नाही, असे असेल तर ते चिन्ह खोटे समजावे. क्रमांक असला तरी तो मोबाइलवरील बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहावा. परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे का, ते तिथे दिसते. पाच मिनिटे दुकानदाराला थांबवावे लागते आणि त्याचे तोंड वाकडे होते. होऊ द्यावे. ब्यूरोचे शाखा कार्यालय नागपुरातही आहे आणि खोट्या चिन्हाची तक्रार तिथे करता येते.

बंद डब्यावर किंवा पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणे 2011 च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक केले आहे. आयात मालावर मूळ देशाचे नावही हवे. ज्या पेटीवर कोणाचाच पत्ता नाही, तिच्यातल्या पान्याला जबाबदार असा कोणी नाही, एवढे त्यावरून ओळखावे. देशी पाना का घ्यावा, याचे खरे उत्तरही यातच आहे. देशप्रेम हे कारण चांगले आहे, पण ते गंजलेला नट सोडवत नाही. नाशिकच्या किंवा जालंधरच्या कारखान्याला पत्ता आहे, शहरात अधिकृत विक्रेता आहे, तुटलेला पाना कोणासमोर ठेवायचा ते ठाऊक आहे, आणि सेटमधला एक पाना हरवला तर तेवढाच एक सुटा मिळतो. बिननावाच्या सेटमधला 12 हरवला की सेट लंगडा होतो तो कायमचा. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिला फोन करून आधी अधिकृत विक्रेत्याचे नाव काढावे आणि तिथूनच घ्यावे. दहा-वीस टक्के महाग पडेल.

सगळेच देशी घ्यावे असे नाही. टॉर्क रेंच आणि बारीक दात्यांचे रॅचेट यांत जपानी, जर्मन आणि तैवानी माल अजून सरस आहे आणि परवडत असेल तर तो घ्यावा. पण पाने, पकडी, पाइप पाना, हातोडी, छिन्नी आणि कानस यांसाठी देश सोडून कुठे पाहण्याची गरज नाही. नव्याने गॅरेज टाकणाऱ्याने दीडशे नगांच्या पेटीच्या मोहात पडू नये. आठ-दहा चांगले रिंग पाने, तितकेच उघडे पाने, एक रॅचेट आणि रोज लागणाऱ्या मापांच्या सहा कोनी गोट्या एवढ्यात दुचाकीचे बहुतेक काम होते. बारा कोनी गोटी लवकर बसते, पण झिजलेल्या नटावर सहा कोनीच भरवशाची.

नट मारला गेला की दोष पान्याला देण्याची घाई होते. कधी दोष मापाचा असतो. जुन्या ट्रकना आणि ट्रॅक्टरना इंची नट असतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर 13 चा पाना बसतो आणि जोर लावताच घसरतो. 11/16 इंच म्हणजे 17.46, त्यावर 17 बसतच नाही आणि 18 घसरतो. पाव इंचापासूनचे इंची पाने वेगळे ठेवावेत. पेचकसाचेही तसेच. जपानी घडणीच्या गाड्यांच्या फुलीच्या स्क्रूची खाच फिलिप्सपेक्षा जराशी वेगळी असते. फिलिप्स पेचकस जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच चाटली जाते. जेआयएस खुणेचा पेचकस एकदा वापरला की कार्ब्युरेटरचा स्क्रू छिन्नीने तोडण्याची वेळ फारशी येत नाही. विजेवरच्या गाड्यांवर काम करणाऱ्याने पकडीच्या रंगीत मुठीवर विसंबू नये. मुठीवर 1000 व्होल्टचा आकडा आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असलेली तपासलेली पकडच विजेपासून वाचवते, बाकी मुठी नुसती पकड चांगली बसावी म्हणून असतात.

जपणुकीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. पाना घण म्हणून वापरू नये, घणाने पान्यावर मारू नये, दांड्याला पाइप लावू नये. गॅसच्या ज्योतीने नट तापवताना पाना बाजूला ठेवावा, नाहीतर त्याचे पाणी उतरते. पेचकसाला ग्राइंडरवर धार लावताना टोक निळे पडले तर तेवढा भाग मऊ झाला, तो पुन्हा कामाचा नाही. पावसाळ्यात रोज संध्याकाळी पाने तेलाच्या फडक्याने पुसावेत.

फसवणूक झालीच तर मेकॅनिकाला ग्राहक म्हणून दाद मागता येते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक कायदा लागू नाही, असे दुकानदार सांगतात आणि अनेक मेकॅनिक त्यावर विश्वास ठेवून गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी, फक्त त्याच कारणासाठी वस्तू घेऊन वापरणारा माणूस ग्राहकच आहे. 1915 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. नकली नावाचा माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा 1999 खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत दंड आहे. म्हणून ज्या कंपनीच्या नावाची नक्कल झाली तिलाही फोटोंसह कळवावे; नुकसान तिचेही झालेले असते आणि धाड घडवून आणण्याची ताकद तिच्याकडे जास्त असते.

या सगळ्याला आधार लागतो तो पक्क्या बिलाचा. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, कंपनीचे नाव, पान्याचे माप आणि 8204 हा एचएसएन क्रमांक असावा. मशीन बंद आहे असे उत्तर आले तर पैसे आणि माल दोन्ही जागच्या जागी ठेवून दुसऱ्या दुकानात जावे. मोबाइलवरून पैसे देताना शेरा लिहिण्याच्या जागेत वस्तूचे नाव टाकावे. पाकीट, लेबल आणि चिठ्ठी यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवावेत. आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे; तोवर तुटलेल्या पान्याचे तुकडे भंगारवाल्याला देऊ नयेत.